चहाची पाटी

“ही काय माती आहे? डिंक आहे डिंक. आमच्या वेळी माती कशी, झटकली की गेली. आणि हिला पोटावर सरपटायची हौस. उभ्याने पळत गेली असती तरी दुसऱ्या बेसवर पोचलीच असती की. नाही, लोळायचंच. म्हशीला लाज वाटेल.”

रविवारची संध्याकाळ. बाबा न्हाणीघरात बुटक्या स्टुलावर बसून कोतोहाची पांढरी विजार फळीवर घासत होते आणि मी त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, मशीनचं झाकण उघडून उभी होते. ते माझ्याशी बोलत नव्हते, विजारीशी बोलत होते. या माणसाने तीस वर्षं गावातल्या पोरांना बेसबॉल शिकवला आणि त्या तीस वर्षांत स्वतःचा एक मोजा धुतला नाही. ते सगळं आई धुवायची. आई गेली तेव्हापासून मी. पण गेल्या जुलैपासून नातीच्या खेळाच्या कपड्यांना ते मला हात लावू देत नाहीत. साबणाची वडी चोळायची, अर्धा तास थांबायचं, गुडघ्यांवर ब्रश मारायचा, मग कुठे मशीन. हे सगळं कानाए करायची, माझी भावजय. तिला करताना त्यांनी कधी पाहिलं असेल, मला ठाऊक नाही. बरोबर तसंच करतात मात्र.

“आणि ती पाटी,” बादली उलटी करत ते विजारीला म्हणाले, “ती काय आपल्या पायांनी चालत येणार आहे?”

मी ऐकलंच नाही असं केलं. ही कला आमच्या घरात सगळ्यांना येते.

पाटीचं असं आहे. संघात अकरा घरं. दर रविवारी एका घराने मैदानावर चहा न्यायचा. पोरांना सातूचा गार चहा, पंचांना आणि पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांना गरम कॉफी, शिवाय ओले रुमाल, बर्फ आणि मलमपट्टीची पेटी. ज्या घराची पाळी, त्या घराच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते. रविवार उरकला की त्याच संध्याकाळी तिथली बाई ती पाटी पुढच्या घराला नेऊन अडकवते. फोन नाही, निरोप नाही. पाटी दिसली की समजायचं. पाटी म्हणजे तरी काय, माशाची वडी ज्या फळीवर थापून वाफवतात तसली एक फळी, वर भोक, भोकात सुतळी, आणि बाबांच्या अक्षरात ‘चहा’. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलेली. मी माशाच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसाला हजारभर फळ्या माझ्या हाताखालून जातात. तिच्याइतकी काळी पडलेली एकही नाही.

नियमही बाबांचाच. ज्या घरून चहा येतो, त्या घरचं पोर मैदानात. एका घराला सूट दिली की उद्या दुसरं मागतं, आणि मग संघ राहत नाही, नुसती पोरं राहतात, असं ते म्हणायचे. आज जो संघाचा प्रशिक्षक आहे त्या ह्योदोला, तो आठ वर्षांचा असताना, याच नियमाने त्यांनी बाकावर बसवलं होतं. ह्योदोची आई रविवारीसुद्धा बंदरावर मासळी निवडायला जायची, तिची पाळी दोनदा चुकली. तिसऱ्या वेळी चहा आला. आमच्या आईने केला होता, दोन घरांचा, आणि बाबांना सांगितलं की ह्योदोच्या आईने पाठवलाय. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं असेल. वर सांगितलेली कला.

गेल्या जुलैत पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ तात्सुया आणि कानाए डोंगरावरच्या संत्र्यांच्या मळ्यात गेले. फळं खाली आणायची जी छोटी गाडी असते, रुळावरची, तिचं इंजिन पाण्यात गेलंय का ते बघायला. कोतोहा तेव्हा शाळेच्या मैदानावर बॉल झेलत होती. मळ्यासकट डोंगराचा एक तुकडा खाली आला तो आवाज तिने ऐकला. सगळ्या गावाने ऐकला. ट्रक रिकामा होतोय असं मला वाटलं.

तेव्हापासून कोतोहा खालच्या आळीत आमच्याकडे असते. वरच्या आळीतलं तिचं घर जसं होतं तसं बंद आहे. गावात कुणी त्या गोष्टीला नाव देत नाही. “जुलैमधलं ते” म्हणतात. पोस्टातली बाई, दंतवैद्य, सगळे. बाबा तेवढंही म्हणत नाहीत. रोज सकाळी पितरांच्या कपाटापुढे भाताची वाटी ठेवतात, छोटी घंटा वाजवतात, आणि नाश्त्याला बसल्यावर म्हणतात, “तात्सुयाला मुळ्याचं लोणचं असंच जाड कापलेलं आवडतं.” आवडतं. मी मुळा वाढते.

आणि पाटी आमच्या दारावर येईनाशी झाली.

यादीत आमचा नंबर ओकुदाबाईंनंतर आणि यानोबाईंच्या आधी. ऑगस्टात ओकुदाबाईंनी पाटी सरळ यानोंकडे नेली. मला वाटलं, आत्ता नको म्हणून असेल, बरं केलं. ऑक्टोबरात पुन्हा तेच. जानेवारीतही. अवजारांच्या खोलीत पाळीची यादी लावलेली असते, तिच्यात ‘कोतोहाची आई, वरची आळी, तिसरं घर’ ही ओळ तशीच होती. ती खोडायला कुणाचा हात धजला नाही, आणि पाळायलाही नाही. संघात कुठल्याच बाईला स्वतःचं नाव नसतं. सोराची आई, नागीची आई. माझी तर पंचाईतच. मला कोतोहाची आई म्हणता येईना, आणि दुसरं काही म्हणायचं तर आधी बरंच काही बोलावं लागलं असतं. म्हणून त्या मला “अहो” म्हणायच्या. दहा महिने मी त्या मैदानावर “अहो” होते. लग्न न करताच.

मार्चमध्ये मी ह्योदोकडे गेले. टायरचं दुकान आहे त्याचं. तो ट्रकखाली होता, नुसते पाय दिसत होते.

“ह्योदोसर,” मी पायांना म्हटलं, “ती चहाची पाटी. आमच्याकडे आली तरी चालेल. मी रविवारी मोकळीच असते.”

ट्रकखाली पाना आपटला. मग आवाज आला, “चिझुरूताई, तुमच्या आईने माझ्यासाठी किती केलंय. तुम्हाला कशाला त्रास? आम्ही आहोत ना सगळे.”

“त्रास नाही हो.”

“तुम्ही काही मनावर घेऊ नका. बाबांना, आमच्या सरांना, सांगा, काही काळजी करू नका.”

मी काय म्हणायला हवं होतं ते दुकानाच्या पायरीवरच मला सुचलं होतं. म्हटलं मात्र, “बरं.” दयेला कसं अडवायचं ते शिकवणारी शाळा नसते. मी दहावीनंतर कुठल्याच शाळेत गेले नाही, पण चौकशी केली असती.

घरात एकटी कोतोहाच सरळ बोलायची. आम्ही दोघी रोज संध्याकाळी गल्लीत बॉल खेळतो. आधी बाबा खेळायचे तिच्याशी, पण डिसेंबरात एक बॉल त्यांच्या छातीवर लागला आणि तो लागेपर्यंत त्यांना दिसलाच नव्हता. ते म्हणाले, “ऊन डोळ्यावर आलं.” आभाळ भरलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ग्लोव्ह माझ्या हातात. तो ग्लोव्ह तात्सुयाचा, दहा वर्षांचा असतानाचा. बाबांनी त्याला आणून दिला होता. मला कधी दिला नाही, मुलींना कोण देतं तेव्हा. भिंतीपलीकडे गेलेले बॉल आणून द्यायचं काम माझं. त्यामुळे मला फेकता येतं झकास. झेलता येत नाही.

“आत्या, डोळे मिटू नकोस.”

“मिटले नाहीत.”

“मिटलेस. बॉलचं तुझ्याशी वैर नाहीये. त्याला तू कोण ते ठाऊकसुद्धा नाही.”

“वा. म्हणजे ओळख झाली की मारणार.”

ती हसली. अकरा वर्षांची पोर, समोरचे दोन दात तात्सुयासारखे एकमेकांवर चढलेले. मग बॉल हातात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आत्या, आपल्याकडे पाटी का येत नाही?”

“येईल की.”

“आजोबांचाच नियम आहे ना? ज्या घरून चहा येतो.”

“तो जुना नियम. आता कोण बघतंय.”

“मी बघते,” ती म्हणाली. “नागी म्हणाला, तुला सूट आहे. मी त्याला विचारलं, कशाची सूट? तर तो गप्प बसला. सगळे गप्प बसतात. मला कुणी आऊट झाल्यावर ओरडतसुद्धा नाही. चेंडू सुटला माझ्याकडून, सरळ पायांमधून, तर सर म्हणाले छान प्रयत्न. छान काय होतं त्यात?” तिने बॉल टाकला, जरा जोरात. माझ्या हातात बसला, मलाच आश्चर्य वाटलं. “या फेरीत पण पाटी नाही आली, तर मी सोडणार. पाहुणी म्हणून नाही खेळायचं मला.”

हे एप्रिलमधलं. तिने ते बाबांना सांगितलं नाही, मीही नाही. पण आमच्या घराच्या भिंती कागदी, आणि बाबांचे कान डोळ्यांपेक्षा बरे. त्या दिवसापासून ते सकाळी पेपर आणायला दार उघडताना मुठीकडे बघायचे. हाताने चाचपायचे. आणि पेपरवालाच जणू गुन्हेगार असल्यासारखे त्याच्या नावाने पुटपुटत आत यायचे. एकदा मी म्हटलं, “बाबा, तुम्ही ह्योदोशी बोला ना. तुमचं ऐकेल.” ते म्हणाले, “नियम करणाऱ्याने नियमासाठी हात पसरायचे नसतात.” आणि थोड्या वेळाने, चष्मा पुसत, “बोलायचं तरी काय. बोलायला लागलं की सगळंच बोलावं लागतं.”

या फेरीवर माझी थोडी आशा होती. ओकुदाबाईंचा मुलगा मोठ्या शाळेत गेला, त्यांचं घर संघातून सुटलं. त्यांच्या जागी यादीत नवीन नाव आलं, इमाओका. शहरातून बदलीवर आलेलं कुटुंब, मुलगा दुसरीत, बाई हसऱ्या आणि जरा घाबरट, प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेणाऱ्या. यादीत आमच्या आधीचं घर आता त्यांचं. त्या यादीप्रमाणे जाणार. आणि यादीत आम्ही होतो.

तर त्या रविवारी, विजारीशी बोलणं चाललं होतं त्या दिवशी, चहा इमाओकाबाईंचा झाला होता. चांगला केला होता, बर्फ जरा जास्तच. म्हणजे पाटी त्या संध्याकाळी आमच्या दाराला यायला हवी होती.

सात वाजले. आली नाही. कोतोहाने दार उघडून पाहिलं, चपला नीट लावायला म्हणून. सोमवारी नाही. मंगळवारी कारखान्यातून येताना मी यानोबाईंच्या गल्लीतून आले, वाकडी वाट करून. त्यांच्या दारातच पाटी असेल, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. त्यांची मूठ त्यांच्या वेलीच्या पानांनी झाकलेली असते. यानोबाई अंगणातच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. “अहो, हवा छान आहे,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “हो ना.” एवढंच. पाटी आहे का तुमच्याकडे, एवढं विचारायला चार शब्द पुरले असते. पण ‘नाही, तुमच्याकडे नाही का?’ असं त्या म्हणाल्या असत्या, किंवा ‘हो, यावेळीही’, आणि दोन्हीपुढे काय बोलायचं ते दोघींनाही येत नव्हतं.

शुक्रवारी कोतोहाने ग्लोव्हला तेल लावलं. एरवी ती तेल लावून आत बॉल ठेवते आणि दोरीने बांधते, आकार राहावा म्हणून. त्या दिवशी बॉल न ठेवता ग्लोव्ह तसाच पिशवीत घातला.

“परवाचा सामना खेळते,” ती म्हणाली. “मग सरांना सांगते.”

बाबा पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज जरा वाढला.

शनिवारी मी सातूचा चहा केला. मोठा पिंप भरून. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते, घरी लागतोच. कुणी विचारलं नाही.

सामना पलीकडच्या खाडीतल्या संघाशी होता. मैदान शाळेला लागून, आणि त्याच्या उजव्या कुंपणापलीकडे डोंगर. तिथे तो तुटलेला भाग आहे, वरपासून खालपर्यंत. जुलैत लालभडक दिसायचा, आता त्यावर गवत आलंय, लांबून पाहिलं तर कुणाला कळणार नाही. आमच्या संघातलं एकही पोर त्या बाजूला तोंड करून सराव करत नाही. कुणी सांगितलेलं नाही. आपोआप.

मी बाबांची घडीची खुर्ची बाकांमागे लावली. पोरं ओळीत उभी राहिली, टोप्या काढल्या, मैदानाला वाकून नमस्कार केला. बाबांनीही बसल्याजागी टोपी काढली. सामना सुरू झाला. आणि पहिला डाव संपताना सगळ्यांच्या लक्षात आलं की चहाचं टेबल रिकामं आहे.

नुसतं टेबल, वर निळं कापड. यानोबाईंनी ते कापड सरळ केलं. मग नागीच्या आईने सरळ केलं. पाळी नसताना चहा आणायचा नाही, तो पाळीच्या घराचा अपमान होतो, म्हणून कुणाकडे काहीच नव्हतं. दुसरा डाव संपला. पाहुण्यांचे प्रशिक्षक, पांढऱ्या मिश्यांचे, दोनदा टेबलाकडे बघून आले आणि नळावर पाणी प्यायले. बाबांची मान खाली गेली. चाळीस वर्षांत त्यांच्या मैदानावर पाहुणा नळाचं पाणी प्यायला नव्हता.

“पाटी कुणाकडे आहे?” शेवटी नागीची आई हळू आवाजात म्हणाली. कुणा एकीला नाही, टेबलाला.

यानोबाई म्हणाल्या, “माझ्याकडे आली नाही. मला वाटलं, या वेळी तिकडे...” आणि माझ्या दिशेने हात हलवला, पण बोट केलं नाही.

“आमच्याकडे नाही आली,” मी म्हटलं. “मला वाटलं तुमच्याकडे.”

इमाओकाबाईंचा चेहरा पडला होता. त्यांनी वही काढली. “मी लावली हो. त्याच संध्याकाळी. यादीत बघून. कोतोहाची आई, वरची आळी, तिसरं घर. शोधायला वेळ लागला, पण सापडलं, दारावर तिघांची नावं आहेत. घंटी वाजवली, कुणी आलं नाही, म्हणून मुठीला अडकवली आणि आले. चुकलं का माझं काही?”

सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या, आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

“नाही, नाही,” यानोबाई म्हणाल्या. “तुमचं काही नाही. म्हणजे त्या जरा...”

“मी घेऊन येते,” मी म्हटलं. बोलणं टाळून पुन्हा पळाले. या खेपेला सायकलवरून.

त्या घराकडे मी जुलैनंतर गेले नव्हते. कोतोहाचे कपडे, वह्या, सगळं ह्योदो आणि त्याची बायको घेऊन आले होते. चढ आहे, निम्म्यावर सायकल हातात धरून चालावं लागलं. वाटेत संत्र्यांना फुलं आलेली, वास इतका की डोक्यात चढावा. तिसरं घर. अंगणात तात्सुयाची सराव करायची जाळी, खालचा अर्धा भाग वेलींनी खाल्लेला. दारावर नावांची पाटी: निनोमिया तात्सुया, कानाए, कोतोहा. कोतोहाचं नाव तिने स्वतः लिहिलेलं, पहिलीत असताना, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने वर चढलेलं.

आणि मुठीला सुतळीने चहाची पाटी. आठवडाभर ती तिथे होती, ज्या बाईचं नाव होतं त्या बाईच्या दारात. एका पावसात भिजून वाळली होती, कडा फुगलेली.

दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्या दाराची घंटी वाजवली होती, आणि आतून कुणी यावं म्हणून वाट पाहिली होती. मनापासून. आम्ही कुणी तेवढंसुद्धा केलं नव्हतं. मी पाटी सोडवायला हात लावला आणि तो हात काही केल्या सुतळीची गाठ सोडवेना. गाठ सैल होती. इमाओकाबाईंनी फुलगाठ मारलेली, ओढली की सुटेल अशी. मी पायरीवर बसले. तिथून मैदान दिसतं, पोरं मुंग्यांएवढी, आणि ओरडणं वाऱ्यावर तुटक तुटक येतं. कानाए भांडी घासता घासता इथून सांगायची, आता बदलले बघा, आता तिसऱ्या बेसवर गेला. किती वेळ बसले कोण जाणे. मग उठून दाराला म्हटलं, “कानाए, मी नेते गं ही.” आणि गाठ ओढली.

खाली आमच्या घरी येऊन पिंप सायकलच्या टोपलीत घातला, पेले घेतले, थर्मासात कॉफी केली. पाटी दाताखाली धरून आले म्हटलं तरी चालेल, हात मोकळे नव्हते.

चौथा डाव नुकताच संपला होता. आमची पोरं बाकाकडे येत होती, कोतोहा सगळ्यांत मागे, गुडघ्यापासून छातीपर्यंत मातीने माखलेली. मी टेबलावर पिंप ठेवला, शेजारी पाटी. आधी पाहुण्या प्रशिक्षकांना कॉफी दिली. ते वाकले, मी वाकले. पोरं पेल्यांवर तुटून पडली. कोतोहा मात्र टेबलापासून दोन हातांवर थांबली. पाटीकडे बघत होती. तिने पेला घेतला नाही.

इमाओकाबाईंनी पाटी पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे तिथेच होती. देवा, मला वाटलं वाऱ्याने गेली की काय. मग कोतोहाच्या आईंनी पाठवला का चहा? त्या नाही आल्या? मी अजून त्यांना भेटलेच नाही हो. बरं नाही का त्यांना?”

यानोबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं. ह्योदो धावफलकाकडे वळला आणि तिथे काही लिहायचं राहिलंय का ते बघू लागला. नागीची आई म्हणाली, “त्या... सध्या...” आणि थांबली. मी तोंड उघडलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, रोज हजार फळ्या उचलणारी, आणि मला एक शब्द उचलता येईना. कोतोहा एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली, डावीकडून उजवीकडे, जणू बॉल कुणाकडून येणार ते ओळखायचंय. कुणाकडूनच आला नाही. तिने बाकावरची आपली पिशवी उचलली आणि ह्योदोच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

मागे घडीची खुर्ची कुरकुरली.

बाबा उभे राहिले होते. एका हाताने बाकाची पाठ धरलेली. त्यांनी टोपी काढली, मैदानाला नमस्कार करताना काढतात तशी. आणि मग जो आवाज लागला तो मी दहा वर्षांत ऐकला नव्हता, तो कुंपणापर्यंत पोचायचा, टोकाला उभ्या पोराला सांगायचा आवाज.

“इमाओकाबाई, तुमचं काही चुकलं नाही. चूक आमची. यादी बदलायला हवी होती. ह्योदो, पेन आहे ना तुझ्याकडे? लिही. पाटी यापुढे खालच्या आळीत लावायची, बंदराकडून दुसरं घर. या पोरीचा चहा तिथून येईल. तिची आत्या आणेल. निनोमिया चिझुरू. तिला नाव आहे.”

ह्योदो पेन शोधू लागला. त्याच्या हातातच होतं. कोतोहाने पिशवी खाली ठेवली आणि पेला उचलून माझ्यापुढे धरला. मी ओतला, अर्धा बाहेर.

“वरच्या घरात कुणी नाही,” बाबा म्हणाले. आता आवाज कुंपणापर्यंत जात नव्हता, टेबलापर्यंतच येत होता. त्यांची नजर टेबलावर नव्हती. ती उजव्या कुंपणापलीकडे, डोंगराच्या त्या गवत आलेल्या भागाकडे होती, जिकडे कुणी तोंड करत नाही. “घंटी कितीही वाजवली तरी येणार नाही कुणी. हिची आई मेली. जुलैत, तिथे.” ते थांबले, टोपी दोन्ही हातांत घेतली, आणि कोतोहाकडे वळून म्हणाले, “आणि माझा तात्सुया मेला.”